आधी नोंद, मग भांडवल

गोव्यातल्या खाणींचे जुने कागद ज्याने चाळले आहेत, त्याच्या डोळ्यांत ‘टी.सी.’ ही दोन अक्षरे बसलेली असतात. टी.सी., मग एक आकडा, तिरकी रेघ आणि सालाचे शेवटचे दोन अंक: 51, 52, 53. पोर्तुगीज सरकारने दिलेल्या खाण-कन्सेशनचा हा क्रमांक. 1961 साली ते सरकार गेले. 1987 साली संसदेने कायदा करून सगळी कन्सेशने रद्द केली आणि त्यांना लीज ठरवले. क्रमांक मात्र तेच राहिले. डिचोली तालुक्यातल्या खाणींचे कोर्टकज्जे पुढेही याच क्रमांकांनी ओळखले गेले.

या क्रमांकाच्याही अगोदर एक कागद असे, आणि माझे लक्ष त्याच्यावर आहे. 20 सप्टेंबर 1906 च्या हुकुमाने पोर्तुगालने आपल्या वसाहतींसाठी खाणींचे नियम घालून दिले. एखाद्याला जमिनीत खनिज सापडले, तर त्याने प्रथम ते सरकारदरबारी जाहीर करून नोंदवायचे. या नोंदीला मॅनिफेस्ट म्हणत. ज्याची नोंद आधी, तो कायद्याच्या लेखी शोधकर्ता. पुढची मोजणी, नकाशा आणि शेवटी कन्सेशन यांवर त्याचा हक्क पहिला. वरची जमीन कोणाची, हा प्रश्न निराळा. खणायला पैसा कोणाकडे आहे, हा त्याहून निराळा.

आज पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या मुलाला धंद्याची नवी कल्पना सुचते. तुये येथे इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत आखली गेली, मोपावर विमानतळ झाला, सरकारने 2017 साली स्टार्टअप धोरण काढले. त्यामुळे पणजीत किंवा पुण्यात जाऊन कोणा गुंतवणूकदारासमोर बसण्याची संधी त्याला मिळूही शकते. त्याच्या पोटात गोळा येतो तो एकाच विचाराने: मी सगळे सांगून बसलो आणि उद्या यानेच ते सुरू केले तर? त्याला वाटते हा प्रश्न मोबाइलच्या जमान्यातला आहे. प्रत्यक्षात त्याच्या गावाशेजारच्या डोंगरावर हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पडला होता आणि त्यावर कायद्याने एक उत्तरही काढले होते.

तांबडी माती सगळीकडेच असते. तिच्याखाली लोखंड नेमके कोणत्या उतारावर लागते, हे ज्याला कळले त्याच्याजवळ एवढ्या ज्ञानाखेरीज काहीच नव्हते. खड्डे खणायला मजूर हवेत, दगड तपासायला रसायनशाळा हवी, माल बंदरापर्यंत न्यायला बार्जी हव्यात. त्यासाठी पैसेवाल्याला डोंगर दाखवावाच लागणार. आणि एकदा दाखवला की ते ज्ञान दोघांचे. मॅनिफेस्टने या पेचाची गाठ सोडवली. आधी नोंद, मग दाखवणे. नोंद झाल्यावर डोंगर दहा जणांना दाखवला तरी पहिलेपणा जात नसे. उलट हातात कागद असल्याने बोलणी बरोबरीने करता येत.

शिरगाव हे नाव गोव्याबाहेरच्या वाचकाला लईराई देवीच्या जत्रेमुळे आणि होमकुंडातून चालणाऱ्या धोंडांमुळे माहीत असते. आपल्या विषयात ते येते ते 1951 च्या सुमारास झालेल्या एका करारामुळे. महायुद्धात होरपळलेल्या जपानला पोलाद पुन्हा उभे करायचे होते आणि त्यासाठी लोहखनिज हवे होते. विश्वासराव चौगुले यांच्या कंपनीजवळ शिरगावची खाण होती, यंत्रे नव्हती. जपानी कंपनीने यंत्रे द्यायची आणि त्यांची फेड खनिजाने करून घ्यायची, असे ठरले. तोवर घमेल्या-फावड्यांनी चाललेले गोव्यातले खाणकाम या व्यवहाराने यंत्रांवर गेले. परक्या देशातला भांडवलदार यंत्रे कशाच्या भरवशावर पाठवतो? डोंगराच्या पोटात किती माल आहे याचा अंदाज त्याला हवा असतो, पण त्याआधी तो डोंगर खणण्याचा हक्क समोरच्याचाच आहे याची खात्री त्याला लागते. पुढच्या सगळ्या उलाढालीच्या तळाशी तो नोंदीचा कागद होता.

या कागदाने कोणाला राखले नाही, तेही इथेच सांगितले पाहिजे. त्याने शोधणाऱ्याला राखले, गावाला नाही. शिरगावच्या शेतांनी आणि विहिरींनी खाणींची किंमत मोजली. अखेर 21 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्सेशनांतून झालेल्या या लीजांची मुदत 2007 सालीच संपली होती असे ठरवले आणि 7 फेब्रुवारी 2018 रोजी नूतनीकरण झालेली 88 लीज रद्द केली. डिचोलीचा खाणपट्टा 2022 च्या डिसेंबरात लिलावाला निघाला आणि वेदान्त कंपनीकडे गेला. आता पहिला कोण, हे कोणी विचारत नाही. जास्त बोली कोणाची, एवढेच पाहिले जाते. पहिलेपणाचा हक्क कायमचा नसतो आणि नसावा असे मलाही वाटते. पेटंटला वीस वर्षांची मुदत असते ती याच कारणाने.

आणखी मागे गेले तर हा धागा अशा एका ग्रंथाशी पोचतो जो गोव्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, पण निराळ्या कामासाठी. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. लग्नानंतरच्या नवराबायकोच्या मालमत्तेसाठी आजही तिचा आधार घेतला जातो; मुलांचा वाटा, मृत्युपत्र या गोष्टींसाठीही नोटरीच्या टेबलावर पूर्वी तो घेतला जाई. त्याच संहितेत शोधांच्या मालकीवर एक स्वतंत्र प्रकरण होते. विक्रीयोग्य अशी नवी वस्तू किंवा ती बनवण्याची नवी रीत काढणाऱ्याला ठरावीक काळापुरता तिच्यावर हक्क मिळे. म्हणजे घरजमीन जशी मालकीची, तशी डोक्यातून निघालेली रीतही मालकीची होऊ शकते, हा विचार गोव्याच्या कायद्यात तेव्हाच येऊन बसला होता.

पण डिचोली 1780 च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पेडणे 1788 साली पोर्तुगीजांच्या हाती आले. या नव्या काबिजादीत रीतिरिवाज आपले राहिले, लिखापढीत मराठी राहिली. इथल्या कारागिराला लिस्बनचा कायदा उपयोगाचा नव्हता. डिचोलीच्या कुंभाराने मातीत काय आणि किती मिसळायचे, काजूच्या भाटीवर निरो, म्हणजे बोंडांचा रस, किती दिवस आंबू द्यायचा, पहिल्या धारेची उर्राक पुन्हा भाणात घालताना आच कुठवर ठेवायची, ही विद्या घरात राखली जाई. बाप मुलाला शिकवी, फार तर जावयाला. तिचा कागद नव्हता. या पद्धतीचे बळ मला मान्य आहे, ती कित्येक पिढ्या टिकली. पण ती बाहेरचे भांडवल घेऊ शकत नव्हती. घराबाहेर शब्द गेला की संपले, म्हणून शब्द घरातच. धंदा एका भाटीएवढाच राहिला.

ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला पेटंट कायदा 1856 चा. कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी त्याखाली पहिला अर्ज केला तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. राणीची संमती न घेता केलेला म्हणून तो कायदा पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला आणि 1859 साली नव्याने झाला. तपशील फार महत्त्वाचे नाहीत. महत्त्वाचा आहे तो सौदा: तुझी रीत नीट लिहून सरकारला दे, ती सर्वांना वाचायला मिळेल, आणि बदल्यात ठरावीक वर्षे ती फक्त तुझी. घरात लपवण्याच्या अगदी उलट.

हा सौदा मनापासून केलेला मराठी माणूस म्हणजे शंकर आबाजी भिसे. 1867 साली मुंबईत जन्मलेले. एकोणिसावे शतक सरताना ते लंडनला पोचले. दादाभाई नवरोजींनी त्यांना हात दिला. छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारे यंत्र त्यांनी घडवले आणि त्याच्या सुधारणांची पेटंटे घेतली. कागदाच्या बाबतीत त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. नड होती पैशाची. पुढे सर रतन टाटांनी भांडवल घातले, ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ निघाली, तीही टिकली नाही. भिसे न्यूयॉर्कला गेले, नवे शोध लावत राहिले आणि 1935 साली तिथेच वारले. त्यांच्या नावावरची पेटंटांची यादी लांब आहे. त्यांच्या यंत्रांनी भरलेला छापखाना आज शोधूनही सापडणार नाही. कल्पना राखणे आणि कल्पना उभी करणे ही दोन कामे आहेत आणि पहिले चोख केले म्हणून दुसरे आपोआप होत नाही, हे भिसे यांच्याइतके कोणाच्या आयुष्यातून कळत नाही. त्यांच्याबद्दल वाचताना जीव तुटतो.

मग आला आपला 1970 चा पेटंट कायदा, 20 एप्रिल 1972 पासून अमलात. त्याच्या कलम 3 मध्ये कशाला पेटंट मिळणार नाही याची यादी आहे आणि पुढे झालेल्या दुरुस्तीने त्यात धंद्याची पद्धत हाही प्रकार आला. शेतमाल थेट घरपोच देण्याची योजना, भाड्याने होडी मिळवून देणारे ॲप, जत्रेतल्या दुकानदारांना उधारी देण्याची रीत: यांपैकी कशावरही, निव्वळ धंद्याची कल्पना म्हणून, पेटंट मिळणार नाही. कॉपीराइटचेही तसेच. ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर असतो. तुमचे सादरीकरण कोणी जसेच्या तसे उचलले तर तुम्ही भांडू शकता. त्यातली युक्ती उचलली तर या कायद्यात तुम्हाला जागा नाही.

मग जागा कुठे आहे? तिचा वंश इंग्लंडातल्या औषधवाल्यांपर्यंत जातो. ‘मॉरिसन विरुद्ध मोट’ हा 1851 चा खटला एका औषधाच्या गुप्त कृतीवरून झाला. कृती विश्वासाने दिली गेली होती आणि ती घेणाऱ्याने पुढे आपल्या मुलाला दिली. कोर्टाने मुलाला औषध करायला मनाई केली. शंभराहून अधिक वर्षांनी, 1968 साली, एका मोपेडच्या इंजिनावरून झालेल्या ‘कोको विरुद्ध क्लार्क’ खटल्यात तीन कसोट्या लिहिल्या गेल्या: माहिती खरोखर गोपनीय होती का, ती विश्वासाने दिली आहे हे परिस्थितीवरून घेणाऱ्याला कळत होते का, आणि परवानगीवाचून वापरून त्याने देणाऱ्याचे नुकसान केले का. लेखी करार नसला तरी विश्वासाचे बंधन येऊ शकते, हे या कसोट्यांचे मोल. गंमत अशी की कोको यांना स्वतःला मनाईहुकूम मिळाला नाही.

गोव्याला लागू पडणारा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, कारण गोव्याचे खंडपीठ त्याच न्यायालयाचे. सनडायल कम्युनिकेशन्स या कंपनीने एका दूरचित्रवाणी मालिकेची संकल्पना तयार केली: कृष्णासारखा एक मुलगा विस्कटलेल्या श्रीमंत घरात येतो आणि घर सांधतो. संकल्पनेचे टिपण, पात्रांची वर्णने, भागांचे आराखडे लिहून काढले, चित्रपट लेखकांच्या संघटनेत नोंदवले आणि मग झी वाहिनीला दाखवले. पुढे झीवर ‘कन्हैया’ नावाची मालिका येत असल्याचे त्यांना कळले. 2003 साली उच्च न्यायालयाने सनडायलच्या बाजूचा मनाईहुकूम कायम ठेवला. झीचा युक्तिवाद काय असणार हे कोणीही सांगेल: कृष्ण काही तुमच्या मालकीचा नाही. न्यायालयाने म्हटले, मूळ कल्पना सर्वांची असली तरी तिच्यावर मेहनत करून जो नवा आकार दिला, तो गोपनीय असू शकतो. सनडायलच्या हाती काय होते ते पाहा. दाखवण्याच्या अगोदरची तारीख असलेला, आपल्या कल्पनेचा आकार नेमका सांगणारा आणि तिसऱ्याच्या दप्तरी नोंदवलेला कागद.

आणि असा नेमकेपणा नसला की काय होते, तेही मराठी प्रेक्षकाला ओळखीच्या एका नावात सापडते. ‘झोंबिवली’ हा चित्रपट येऊ घातला तेव्हा एका लेखकाने त्याच उच्च न्यायालयात दावा केला, की झोंबींवरची माझी कथा मी विश्वासाने निर्मात्यांना दिली होती. 2021 साली न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. आपली नेमकी कोणती माहिती गोपनीय, हे दावा करणाऱ्याने काटेकोर मांडले पाहिजे, असा न्यायालयाचा आग्रह होता. या दोन निकालांचा फरक मी खाणीच्या नकाशावरून समजून घेतो. ‘या डोंगरात कुठेतरी माझे लोखंड आहे’ असे म्हणणाऱ्याला कन्सेशन मिळत नव्हते. हद्दीचे दगड दाखवावे लागत.

आता पेडण्याकडे जाऊ, कारण तिथे हा मागोवा एका वेगळ्या वळणावर येतो. हरमलची मिरची पेडणे तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकते. तिचा पहिला शोधकर्ता कोण? कोणीच नाही आणि सगळेच. अशा वस्तूंसाठी 1999 चा भौगोलिक संकेत कायदा झाला, 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आला. गोव्याचे पहिले मानांकन 2009 साली काजूच्या फेणीला मिळाले. नंतर हरमलची मिरची, खाजे, मानकुराद आंबा, बेबिंका यांची नावे नोंदली गेली. हा हक्क एका माणसाचा नसतो, त्या मुलखातल्या उत्पादकांचा असतो. त्याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे तो विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाण टाकता येत नाही. गुंतवणूकदाराची तिजोरी कितीही मोठी असो, हरमलचे नाव तिच्यात मावत नाही. खाणीच्या कागदाने गावाला बाहेर ठेवले होते, या कागदाने गावालाच धनी केले, याचा मला आनंद वाटतो.

समजा, पेडण्यातल्या एका मुलीने ही मिरची रंग न जाता वाळवणारी सौर पेटी बनवली आहे आणि तिला भांडवल हवे आहे. लोक ‘आयडिया’ म्हणतात तेव्हा एकच गोष्ट समजतात. तिच्याजवळ निदान पाच आहेत आणि प्रत्येकीची वाट वेगळी. पेटीच्या आतली हवा खेळवण्याची रचना तांत्रिक आहे, तिच्यावर पेटंट मागता येईल. पेटीचे बाह्यरूप डिझाइन म्हणून नोंदवता येईल. तिच्या पाकिटावरचे स्वतःचे नाव ट्रेडमार्क होईल. मात्र ‘हरमल मिरची’ हे नाव ती स्वतःचा ट्रेडमार्क करू शकत नाही, तिथे तिला अधिकृत वापरकर्ती म्हणूनच नाव घालावे लागेल. कोणत्या दिवशी किती ऊन, किती वेळ, किती ओलावा याचे तिचे कोष्टक हे गुपित आहे, ते कुठेही नोंदवायचे नाही. आणि शेतकऱ्यांकडून मिरची घेऊन पैसे कसे फेडायचे ही तिची योजना म्हणजे निव्वळ धंद्याची पद्धत, जिला नोंदणीचा कोणताच कायदा कुंपण घालणार नाही. ती बोलली काय, न बोलली काय, पुढे तिचे कामच तिला राखील.

पाचांतल्या पहिलीसाठी, म्हणजे पेटीच्या रचनेसाठी, आजचे मॅनिफेस्ट म्हणजे प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन. पूर्ण अर्जाची तयारी नसताना शोधाचे वर्णन पेटंट कार्यालयात देऊन तारीख घेता येते. गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. एकट्या व्यक्तीला किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचे शुल्क 1,600 रुपये आहे, मोठ्या कंपनीला 8,000. त्या तारखेपासून 12 महिन्यांत पूर्ण वर्णन दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानतात. हे बारा महिने गुंतवणूकदारांना भेटण्याचे. इथे एक धोका मुद्दाम सांगतो, कारण हुशार मुले नेमकी तिथे अडकतात. अर्ज करण्याआधी पेटीची रचना स्पर्धेच्या मंचावर समजावली किंवा तिचा व्हिडिओ टाकला, तर नवेपणा तिथेच जाऊ शकतो. प्रदर्शनांसाठी कायद्यात सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांसाठी. महाविद्यालयाच्या स्पर्धेला ती लागू नाही.

वर्णनही नेमके हवे. ‘सौर ऊर्जेवर मिरची वाळवणारे यंत्र’ एवढे लिहून मिळवलेली तारीख कुचकामी, कारण जे लिहिलेच नाही त्याला तारीख मिळत नाही. हवा कुठून आत येते, कोणत्या थरावरून फिरते, कुठून बाहेर पडते, हे चित्रासह लिहावे लागते.

गुंतवणूकदाराकडून गोपनीयतेचा करार मागावा का? पहिल्या भेटीत बहुतेक जण सही करत नाहीत. त्यांच्यासमोर एकसारख्या कल्पना घेऊन अनेक जण येतात आणि एकाला दिलेली सही दुसऱ्याच्या वेळी गळ्याशी येते, ही त्यांची अडचण खरी आहे. म्हणून पहिल्या भेटीत पेटी काय करते ते सांगावे, कशी करते ते राखावे. कोष्टक तर नाहीच. त्याच संध्याकाळी आज काय दाखवले, कोणते पान गोपनीय म्हणून दिले, हे लिहून त्यांना मेल करावा; त्यावर तारीख आपसूक येते. व्यवहार पुढे सरकला आणि आतले तपशील मागितले गेले, की मग करार मागावा, तेव्हा तो मिळतोही. करारात मात्र ‘तुम्ही हा धंदाच करायचा नाही’ असे लिहून निर्धास्त होऊ नये. 1872 च्या करार कायद्याचे कलम 27 धंद्याला आडकाठी करणारा करार सहसा मानत नाही.

गुपितांसाठी भारतात आजवर स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये आपल्या 289 व्या अहवालात तसा कायदा करावा असे सुचवले आणि मसुदाही जोडला. त्यात लोकहितासाठी अपवाद ठेवले आहेत, आणीबाणीच्या प्रसंगी सक्तीने परवाना देण्याचीही सोय आहे. शिरगावच्या विहिरींचा इतिहास माहीत असलेल्या कोणालाही ते अपवाद योग्य वाटतील. मसुद्याचा कायदा होईपर्यंत वाळवणीच्या त्या कोष्टकावरून वाद झालाच, तर तो गोव्यातल्या न्यायालयात दीडशे वर्षांपूर्वीच्या करार कायद्यावर, 2003 च्या त्या निकालावर आणि भेटीच्या संध्याकाळी पाठवलेल्या मेलवर लढवावा लागेल.